स्मृतीची मांडणी आणि ओव्हरक्लॉकिंग

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे संगणकातील प्रोसेसर, रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड हे घटक निर्मात्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवणे होय. रॅमला मराठीत स्मृती असेही म्हणतात. उच्च क्षमतेच्या नव्या गेमिंग संगणकात ही क्रिया बहुधा स्मृतीपासूनच सुरू होते. कारण रॅमच्या वेष्टनावर छापलेला वेग संगणक प्रथम सुरू केल्यावर आपोआप मिळत नाही. तो बायोसमध्ये जाऊन निवडावा लागतो आणि तांत्रिकदृष्ट्या ही निवड म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग असते. वेष्टनावरचा आकडा रॅमच्या निर्मात्याचा असतो; तो पेलण्याची जबाबदारी मात्र रॅम, प्रोसेसर आणि मदरबोर्ड या तिघांवर पडते. म्हणून वाढवलेला वेग प्रत्येक संगणकावर स्वतंत्रपणे तपासून घेणे हा या प्रक्रियेचा अविभाज्य भाग मानला जातो.

कार्यतत्त्व

प्रोसेसरमधील सर्व क्रिया एका अंतर्गत घड्याळाच्या स्पंदांनुसार चालतात. मदरबोर्डवरील मूळ वारंवारता आजच्या बहुतेक संगणकांत १०० मेगाहर्ट्‌झ असते. तिला एका गुणकाने गुणले की प्रोसेसरची वारंवारता मिळते. गुणक ५२ असेल, तर वारंवारता ५,२०० मेगाहर्ट्‌झ म्हणजे ५.२ गिगाहर्ट्‌झ होते.

एका स्पंदात सुरू झालेला विद्युत संकेत पुढचा स्पंद येण्यापूर्वी योग्य ठिकाणी पोहोचून स्थिर व्हावा लागतो. वारंवारता वाढवली की संकेताला मिळणारा अवधी कमी होतो. अवधी अपुरा पडल्यास १ च्या जागी ० किंवा ० च्या जागी १ वाचला जातो. विद्युतदाब वाढवल्यास ट्रान्झिस्टर अधिक जलद उघडझाप करतात आणि काही प्रमाणात ही अडचण दूर होते. परंतु अशा परिपथात खर्च होणारी वीज ही वारंवारता आणि विद्युतदाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. दोन्ही प्रत्येकी १० टक्क्यांनी वाढवले, तर वेग १० टक्केच वाढतो, पण त्यासाठी लागणारी वीज सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. ही सर्व वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर काढावी लागते.

वेग वाढवण्यास मुळात वाव असतो, कारण एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन चिप तंतोतंत सारख्या नसतात. निर्माता सर्वांत कमकुवत चिपलाही प्रतिकूल तापमानात पेलेल असाच वेग जाहीर करतो. त्यापेक्षा सरस चिपमध्ये काही क्षमता शिल्लक राहते. ती किती आहे, हे त्या चिपची चाचणी घेतल्याशिवाय कळत नाही. एका संगणकावर यशस्वी झालेले आकडे दुसऱ्यावर जसेच्या तसे उतरवणे म्हणूनच भरवशाचे नसते.

इतिहास

ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने आणलेला सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंगच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याचा गुणक ४.५ आणि मूळ वारंवारता ६६ मेगाहर्ट्‌झ होती. मदरबोर्डवर मूळ वारंवारता १०० मेगाहर्ट्‌झ केली की तो ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्‌झने चालू लागे. त्यामुळे अल्प किमतीचा प्रोसेसर कितीतरी महागड्या प्रोसेसरच्या बरोबरीला येत असे.

२०११ मधील ‘सँडी ब्रिज’ पिढीपासून इंटेलने मूळ वारंवारता इतर घटकांशी बांधून टाकली. तेव्हापासून गुणक वाढवण्याची पूर्ण मुभा मुख्यतः नावाच्या शेवटी ‘के’ हे अक्षर असलेल्या प्रोसेसरपुरती राहिली. २०१७ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन मालिकेत गुणक सामान्यतः खुला ठेवण्यात आला. २०२२ मधील रायझन ७ ५८००एक्स३डी या, प्रोसेसरवर अतिरिक्त कॅशे स्मृती रचलेल्या गेमिंग प्रोसेसरमध्ये तो बंद होता. २०२४ मधील रायझन ७ ९८००एक्स३डी मध्ये तो पुन्हा खुला करण्यात आला.

स्मृतीच्या बाबतीत २००७ हे वर्ष महत्त्वाचे आहे. डीडीआर३ रॅमबरोबर इंटेलने एक्सएमपी ही पद्धत आणली. या पद्धतीत निर्मात्याने तपासलेले वेग, विलंब आणि विद्युतदाब यांचे आकडे रॅमच्या पट्टीवरील छोट्या चिपमध्ये नोंदवलेले असतात आणि बायोसमधील एका निवडीने ते लागू होतात. डीडीआर५ साठी २०२१ मध्ये एक्सएमपी ३.० आले. एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७००० मालिकेबरोबर त्याच धर्तीची एक्स्पो ही पद्धत सुरू केली.

स्मृतीचे आकडे कसे वाचावेत

रॅमचे सर्वमान्य मानक जेडेक ही संस्था ठरवते. डीडीआर५ चे मानक जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. डीडीआर४ साठी विद्युतदाब १.२ व्होल्ट होता, तो डीडीआर५ साठी १.१ व्होल्ट ठरवण्यात आला. गेमिंगसाठी विकल्या जाणाऱ्या वेगवान डीडीआर५ पट्ट्यांच्या एक्सएमपी किंवा एक्स्पो नोंदीत मात्र १.३५ किंवा १.४ व्होल्ट असे आकडे सर्रास आढळतात.

‘डीडीआर५-६००० सीएल३०’ या नावात दोन स्वतंत्र गोष्टी सांगितलेल्या असतात.

पहिली गोष्ट वेगाची. ६००० हा आकडा सेकंदाला होणाऱ्या हस्तांतरणांचा, दशलक्षांत मोजलेला आहे. डीडीआर प्रकारात प्रत्येक स्पंदात दोन हस्तांतरणे होतात, म्हणून प्रत्यक्ष वारंवारता त्याच्या निम्मी, म्हणजे ३,००० मेगाहर्ट्‌झ असते. वेग दाखवणारी काही साधने हा निम्मा आकडा दाखवतात. तो पाहून रॅम अर्ध्या वेगाने चालत असल्याचा समज करून घेऊ नये. प्रत्येक हस्तांतरणात पट्टी ८ बाइट माहिती देते. त्यामुळे ६००० वेगाची एक पट्टी सेकंदाला ४८ गिगाबाइट आणि दोन चॅनेलमध्ये बसवलेल्या दोन पट्ट्या मिळून ९६ गिगाबाइट माहिती वाहून नेऊ शकतात. हा सैद्धांतिक कमाल आकडा आहे.

दुसरी गोष्ट विलंबाची. सीएल३० म्हणजे माहिती मागितल्यापासून ती मिळू लागेपर्यंत ३० स्पंद जातात. स्पंदांची संख्या एकटी पाहून विलंब कळत नाही; एका स्पंदाचा कालावधीही विचारात घ्यावा लागतो. पुढील तुलनेवरून हे स्पष्ट होईल :

डीडीआर४-३२००, सीएल१६ : विलंब १० नॅनोसेकंद
डीडीआर५-४८००, सीएल४० : विलंब सुमारे १६.७ नॅनोसेकंद
डीडीआर५-६०००, सीएल३० : विलंब १० नॅनोसेकंद

म्हणजेच जेडेकच्या मूळ वेगाने चालणारी नवी डीडीआर५ रॅम विलंबाच्या बाबतीत चांगल्या डीडीआर४ रॅमच्याही मागे पडू शकते. योग्य नोंद निवडल्यावर ही उणीव भरून निघते आणि शिवाय माहितीवहनाची क्षमता जवळजवळ दुप्पट मिळते.

नव्या संगणकातील मांडणी

चार स्लॉट असलेल्या बहुतेक मदरबोर्डवर दोनच पट्ट्या बसवायच्या असल्यास प्रोसेसरपासून मोजून दुसरा व चौथा स्लॉट वापरतात. शेजारशेजारच्या दोन स्लॉटमध्ये पट्ट्या बसवल्यास बहुधा एकच चॅनेल वापरला जातो आणि वहनक्षमता निम्म्यावर येते. मदरबोर्डच्या पुस्तिकेत स्लॉटचा क्रम दिलेला असतो, तो पाहून खात्री करावी.

संगणक प्रथम सुरू झाल्यावर मदरबोर्ड रॅमचे ‘प्रशिक्षण’ घेतो. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधील तारांवरून संकेत नेमका कोणत्या क्षणी वाचायचा, हे तो अनेक प्रयोगांनी ठरवतो. डीडीआर५ च्या संगणकात, विशेषतः रॅम अधिक क्षमतेची असल्यास, या कामाला काही मिनिटे लागू शकतात. त्या वेळात पडदा काळाच राहतो. संगणक बिघडला असे समजून वीज बंद केल्यास प्रशिक्षण अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

यानंतर संगणक जेडेकच्या वेगाने, बहुधा ४८०० किंवा ५६०० वर, सुरू होतो. पुढची कामे सामान्यतः या क्रमाने केली जातात :

१. मदरबोर्डच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून बायोसची नवी स्थिर आवृत्ती घेऊन बसवणे. डीडीआर५ च्या अनेक अडचणी बायोसच्या सुधारित आवृत्त्यांत दूर झाल्या आहेत. ही क्रिया चालू असताना वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून भारनियमनाच्या भागात यूपीएसशिवाय ती करू नये.

२. मूळ वेगावरच स्मृतीची एक चाचणी घेणे. पट्टी मुळातच सदोष असेल, तर ते येथेच उघड होते आणि ती विक्रेत्याकडून बदलून घेता येते.

३. ऑपरेटिंग सिस्टिम बसवणे. हे काम मूळ वेगावर उरकणे हितावह असते. कारण अस्थिर स्मृतीवर बसवलेली प्रणाली पहिल्या दिवसापासूनच सदोष असू शकते.

४. डिलीट किंवा एफ२ ही कळ दाबून बायोसमध्ये जाणे, एक्सएमपी किंवा एक्स्पो यांपैकी उपलब्ध नोंद निवडणे, ती जतन करून संगणक पुन्हा सुरू करणे.

५. नव्या वेगावर स्थैर्याची सविस्तर चाचणी घेणे.

नोंद निवडल्यावर संगणक सुरूच झाला नाही, तर मदरबोर्ड काही प्रयत्नांनंतर बहुधा स्वतःच मूळ वेगावर परततो. तसे न झाल्यास वीज पूर्ण बंद करून मदरबोर्डवरील ‘क्लिअर सीमॉस’ जोडणीच्या किंवा बटणाच्या साहाय्याने बायोसमधील सर्व आकडे मूळ स्थितीला आणता येतात.

प्रोसेसरशी मेळ

स्मृतीचे नियंत्रण करणारा भाग आजच्या प्रोसेसरमध्येच असतो आणि त्याची स्वतःची मर्यादा असते. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने दोन पट्ट्यांकरिता ५२०० आणि रायझन ९००० मालिकेसाठी ५६०० हा वेग अधिकृत म्हणून जाहीर केला आहे. चार पट्ट्या बसवल्यास दोन्ही मालिकांसाठी अधिकृत वेग ३६०० वर येतो. म्हणजे अधिक रॅम हवी म्हणून आणखी दोन पट्ट्या घातल्यास क्षमता वाढते, पण वेग घटण्याची शक्यता असते. त्यामुळे ६४ गिगाबाइट रॅम हवी असल्यास १६ च्या चार पट्ट्यांऐवजी ३२ च्या दोन पट्ट्या पसंत केल्या जातात. दोन वेगवेगळे संच, ते एकाच नावाचे असले तरी, एकत्र वापरणे टाळावे. कारण निर्मात्याने चाचणी फक्त एका संचातील पट्ट्यांची घेतलेली असते.

या दोन्ही रायझन मालिकांत स्मृती-नियंत्रक आणि स्मृती यांची वारंवारता समान असणे लाभदायक असते. ६००० पर्यंत ही समानता सामान्यतः टिकते. त्यापुढे बराच वेग वाढवल्यास नियंत्रक निम्म्या वारंवारतेवर जातो आणि विलंब वाढतो. म्हणूनच या प्रोसेसरांसाठी ६००० वेगाची व कमी विलंबाची रॅम हा सुवर्णमध्य समजला जातो. केवळ मोठा आकडा पाहून अधिक वेगाची रॅम घेतल्यास पैसे जास्त जातात आणि संगणक प्रसंगी थोडा मंदच चालतो.

प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग

आधुनिक प्रोसेसर तापमान आणि वीजमर्यादा यांच्या आधीन राहून स्वतःच आपला वेग वाढवतात. त्यामुळे सर्व गाभ्यांना एकच स्थिर गुणक देण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. तिने अनेकदा एका-दोन गाभ्यांचा कमाल वेग उलट कमी होतो. रायझनमध्ये त्याऐवजी वीजमर्यादा सैल करणे आणि प्रत्येक वारंवारतेसाठी लागणारा विद्युतदाब थोडा कमी करणे, हे दोन उपाय वापरले जातात. विद्युतदाब कमी झाला की उष्णता घटते आणि शिल्लक राहिलेल्या मर्यादेत प्रोसेसर आपण होऊन अधिक वेग घेतो. मात्र विद्युतदाब फार कमी केल्यासही अस्थैर्य येते, आणि ते पुष्कळदा संगणकावर भार नसताना प्रकट होते.

स्मृती आणि प्रोसेसर यांत एकाच वेळी बदल करू नयेत. दोन्ही एकदम बदलल्यास दोष उद्भवल्यावर त्याचे मूळ शोधणे कठीण जाते.

स्थैर्य-चाचणी

संगणक सुरू झाला आणि एखादा खेळ तासभर चालला, एवढ्यावरून मांडणी स्थिर ठरत नाही. स्मृतीच्या तपासणीसाठी मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून, ऑपरेटिंग सिस्टिम सुरू न करता चालवला जातो. तो स्मृतीच्या जवळजवळ प्रत्येक भागात ठरावीक आकृतिबंध लिहितो व पुन्हा वाचून ताडून पाहतो. त्याच्या चार फेऱ्या पूर्ण होऊ देणे ही प्रचलित रीत आहे. अधिक क्षमतेच्या रॅमसाठी यास कित्येक तास लागतात. त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्राइम९५ सारखा प्रोसेसर व स्मृती या दोहोंवर ताण देणारा प्रोग्रॅम काही तास चालवतात. मूळ मूळसंख्यांच्या शोधासाठी बनवलेला हा प्रोग्रॅम गणिताचे उत्तर ज्ञात उत्तराशी ताडतो आणि तफावत आढळताच थांबतो.

अशा चाचणीत एकही चूक मान्य केली जात नाही. दहा तासांत एक चूक आली, तरी मांडणी अस्थिर समजून वेग एक पायरी खाली आणावा किंवा विलंबाचे आकडे वाढवावेत.

तापमानाचाही येथे संबंध येतो. डीडीआर रॅममधील प्रत्येक बिट एका सूक्ष्म कॅपॅसिटरमधील विद्युतभाराच्या रूपाने साठवलेला असतो. हा भार सतत गळत असल्यामुळे तो ठरावीक काळाने पुन्हा भरावा लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. तेथे जानेवारीत निर्दोष ठरलेली मांडणी मे महिन्यात चुका करू शकते. त्यामुळे अशा ठिकाणी चाचणी उन्हाळ्यात पुन्हा घेणे आणि वेग ठरवताना थोडी मोकळीक राखणे आवश्यक असते.

अस्थैर्याचे परिणाम

अस्थिर स्मृतीची उघड लक्षणे म्हणजे निळा पडदा येऊन संगणक बंद पडणे, खेळ अचानक बंद होणे किंवा संकुचित फाइल उघडताना त्रुटी दाखवली जाणे. ही लक्षणे त्रासदायक असली, तरी निदान वापरकर्त्याला सावध करतात. कोणतेही लक्षण न दाखवता होणारी माहितीची हानी अधिक गंभीर असते.

मराठी मजकुराच्या उदाहरणाने हे समजते. युनिकोडमध्ये ‘ज’ या अक्षराचा संकेतांक २३३२ आणि ‘झ’ चा २३३३ आहे. द्विमान पद्धतीत या दोहोंत फक्त शेवटच्या बिटाचा फरक पडतो. स्मृतीत तेवढा एक बिट उलटला, तर ‘जरा’ या शब्दाचा ‘झरा’ होतो. त्याचप्रमाणे ‘४’ हा अंक २४१० आणि ‘५’ हा अंक २४११ या संकेतांकाने साठवला जातो. म्हणजे एका बिटाच्या चुकीने ४५ गुणांचे ५५ होऊ शकतात. संगणकाच्या दृष्टीने दोन्ही मजकूर सारखेच वैध असल्यामुळे तो कोणतीही सूचना देत नाही. फाइल जतन करताच चूक डिस्कवर उतरते आणि पुढे तिची प्रत काढली की प्रतीतही जाते. छायाचित्रे, प्रबंध, हिशेब अशा कामांसाठी जो संगणक वापरला जातो, त्यावर तपासणीविना वाढवलेला वेग म्हणूनच धोक्याचा ठरतो.

डीडीआर५ च्या चिपमध्ये अंतर्गत त्रुटी-दुरुस्तीची सोय असते. ती चिपच्या आतील एका बिटाची चूक दुरुस्त करते; परंतु रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधील मार्गावर होणाऱ्या चुका तिला दिसत नाहीत. वेग वाढवल्याने निर्माण होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच याच मार्गावर होतात. त्यामुळे या सोयीवर विसंबून चाचणी टाळणे योग्य नाही. सर्व्हरमध्ये वापरली जाणारी ईसीसी रॅम या मार्गावरही पहारा ठेवते.

विद्युतदाब, हानी आणि हमी

वेग अधिक ठेवल्याने झालेली चूक वेग कमी करून थांबवता येते. अधिक विद्युतदाबाने झालेली हानी मात्र कायमची असते. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतील, विशेषतः एक्स३डी प्रकारचे, काही प्रोसेसर मदरबोर्डवरच जळाल्याच्या घटना उघडकीस आल्या. एक्स्पो नोंद निवडल्यावर काही मदरबोर्ड प्रोसेसरमधील स्मृती-नियंत्रकाच्या भागाला आपोआप अधिक विद्युतदाब पुरवत होते. त्यानंतर एएमडीने या विद्युतदाबावर १.३ व्होल्टची कमाल मर्यादा घालणारी सुधारणा मदरबोर्ड निर्मात्यांना दिली. बायोसमधील ‘ऑटो’ हा पर्याय नेहमीच सुरक्षित असतो असे नाही, हे या प्रकरणाने दाखवून दिले. नोंद निवडल्यावर सर्व विद्युतदाबांचे प्रत्यक्ष आकडे एकदा पाहून घ्यावेत, असा सल्ला तेव्हापासून दिला जातो.

अधिकृत वेगापलीकडील वापरामुळे झालेली हानी प्रोसेसरच्या हमीत सामान्यतः धरली जात नाही. रॅमचा निर्माता आपल्या पट्टीची हमी छापील वेगासाठी देतो. तो वेग पेलताना प्रोसेसरला इजा झाल्यास ती जबाबदारी त्याची नसते. खरेदीपूर्वी दोन्ही हमीपत्रे वाचावीत.

प्रत्यक्ष लाभ

स्मृतीचा वेग वाढवल्याचा परिणाम प्रत्येक खेळात सारखा दिसत नाही. ज्या वेळी चित्रांची गती प्रोसेसरमुळे अडते, त्या वेळी लाभ मिळतो. कमी रिझोल्यूशनवर खेळल्या जाणाऱ्या स्पर्धात्मक खेळांत तो विशेष जाणवतो. ४के रिझोल्यूशनवर सर्व भार ग्राफिक्स कार्डावर पडत असल्याने फरक नगण्य असतो. रायझन ७ ९८००एक्स३डी सारख्या, ९६ मेगाबाइट तिसऱ्या स्तराची कॅशे स्मृती असलेल्या प्रोसेसरमध्ये लागणारी बरीचशी माहिती कॅशेमध्येच सापडते. त्यामुळे रॅमच्या वेगावरचे त्याचे अवलंबित्व तुलनेने कमी असते.

सर्वसाधारण वापरकर्त्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ योग्य स्लॉट निवडण्यात आणि छापील वेगाची नोंद लागू करण्यात असतो. त्यापुढील प्रत्येक पायरीवर मिळणारा वेग घटत जातो आणि चाचणीस लागणारा वेळ वाढत जातो. चाचणीसाठी वेळ देणे शक्य नसल्यास स्मृती जेडेकच्या मूळ वेगावर ठेवणे हाही पूर्णपणे योग्य पर्याय आहे. त्या वेगाला रॅम आणि प्रोसेसर या दोहोंच्या निर्मात्यांची मान्यता असते.